बाबांच्या कानाचं मशीन

तेजराम पोस्टमन होते तेव्हा सिहोऱ्यातली म्हातारी माणसं त्यांना दारात बसवून तासभर बोलायची. निवृत्त झाल्यावर पाच-सहा वर्षांत त्यांचे कान गेले. कोणी हाक मारली तरी ते नुसते हसायचे.

त्यांची मुलगी खुशबू गावच्या अंगणवाडीत होती. भंडाऱ्याला नेऊन कान तपासावे, मग मशीन घ्यावं, असं तिच्या मनात होतं. पण रजा मिळेना आणि बाबांना एसटीचे हिसके सोसेनात. म्हणून तिनं मोबाइलवरच बघायचं ठरवलं.

घरात नेटवर्क नव्हतं. तलावाच्या पाळीवर, उंच बांधावर, थोडं यायचं, तेही येत-जात. मशीनचा फोटो उघडला, ते लावून हसणाऱ्या म्हाताऱ्याचा फोटो उघडला. खाली आधी घेणाऱ्या लोकांनी काय लिहिलंय, ते काही उघडेना. तीन दिवस तिनं खेपा घातल्या. चौथ्या दिवशी जरा नेटवर्क आलं, आणि ते जायच्या आत तिनं मागवायचं बटण दाबून टाकलं.

मशीन आलं. बाबांच्या कानात घातलं की त्यातून बारीक शिट्टी वाजायची. शेजारी बसलेल्या खुशबूलाही ती ऐकू यायची. बाबा मात्र चांगलं आहे म्हणाले. तिला ते खरं वाटेना. सात दिवसांत परत करता येणार होतं, पण त्यासाठी शिट्टीचा व्हिडिओ पाठवायचा होता. ती रोज पाळीवर जायची आणि रोज तो अर्ध्यात अडकायचा.

आठव्या दिवशी अंगणवाडीच्या बैठकीसाठी ती तुमसरला गेली. बसस्टँडवर मोबाइल काढला, तर सगळं भराभर उघडलं. दोनशेच्या वर लोकांनी लिहिलं होतं, शिट्टी मारते, घेऊ नका. व्हिडिओही लगेच गेला. उत्तर आलं की मुदत काल संपली. तिनं कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी शांतपणे म्हणाली, "मॅडम, घेण्याआधी रिव्ह्यू वाचायला हवे होते."

खुशबूनं फोन ठेवला.

घरी आली तेव्हा बाबा ओट्यावर बसले होते, मशीन कानातच होतं. ती त्यांच्याजवळ टेकली.

"बाबा, हे खराब हाय. काढून ठेवा. मी फसली."

बाबांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "हो माय, चांगलं आयकू येऊन राहिलं."

तिनं स्वतःच मशीन काढलं. कानाच्या मागची कातडी सोलवटून लाल झाली होती. आठ दिवस त्याबद्दल ते कोणालाच काही बोलले नव्हते.

बाबांनी हात पुढे केला. "दे इकडे. तू आणलं ना."

तिनं ते दिलं नाही. बाबांचा हात बराच वेळ तसाच राहिला.