उजवा कौल

टॉवर नको, यावर आमची वाडी जितकी एक झाली तितकी दुसऱ्या कशावर कधी झाली नव्हती. टॉवरने नारळ गळतात, चिमण्या मरतात, कॅन्सर होतो, असे मेसेज लोक वाचायचे आणि ते वाचायला घाटी चढून वर जायचे, कारण वाडीत रेंजच नव्हती. हसूच येण्यासारखं होतं. पण हरिश्चंद्रापुढे हसायची कुणाची छाती नव्हती. त्याची बायको सीता कॅन्सरने गेली होती, आणि टॉवरची ठरलेली जागा नेमकी त्याच्या घरामागे होती. त्या घरात त्याची नात भक्ती नुकती रांगायला लागली होती.

जागा गंगारामची. म्हातारा भाड्याला भुलला, असं सगळ्यांनी धरून टाकलं. पैशाचा मोह सोडून माणसाला दुसरी काही गरज असू शकते, हे आमच्या लोकांच्या डोक्यात लवकर शिरत नाही.

गंगारामला मुलगा घरी हवा होता, एवढंच. सुशांत पुण्याला कॉम्प्युटरवर नोकरी करायचा. त्याने घरून काम केलेलं ऑफिसला चालत होतं, फक्त नेट हवं होतं. टॉवर झाला तर मी आणि रिया कायमचे गावी येतो, नाही झाला तर पुण्यात फ्लॅट घेतो, असं त्याने स्पष्ट सांगितलं होतं. तेव्हापासून त्याची आई सावित्री गुडघेदुखीही विसरली होती. माडीवरची खोली तिने रंगवून घेतली, सुनेला आवडते म्हणून दारात अबोली लावली. गंगाराम मात्र गावात यातलं अक्षर बोलला नाही. त्याच्या अशा न बोलण्याला मी नेहमी ताठाच म्हणायचो.

देवळातल्या बैठकीत दोनदा हातघाईवर आलं. मग कुणीतरी म्हणालं, देवालाच विचारूया. आमच्याकडे गुरव देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या लावतो आणि देवापुढे प्रश्न ठेवतात. उजवीकडची पाकळी पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. तो कौल. त्यानंतर कुणी ब्र काढत नाही.

आता प्रश्न देवापुढे मोठ्याने मांडायचा, म्हणजे गाऱ्हाणं घालायचं, हा मान गंगारामच्या घराण्याचा. आज दुसऱ्या कुणाला उभं करा, असं त्याला म्हणता आलं असतं. तो म्हणाला नाही. धोतर सावरून पुढे झाला आणि वाडीने सांगितलं तसंच, एक शब्द न बदलता म्हणाला, "बा देवा महाराजा, घरांच्या मधी ह्यो टॉवर नको असात, तर उजवो कौल दी." आम्ही सगळे "होय महाराजा" म्हणालो. सावित्री बायकांत बसली होती. तिचे ओठ हलले नाहीत.

उजवी पाकळी पडली.

घरी आल्यावर तिने एकच विचारलं, "तुमी देवाक सुशांताचा काय सांगलास?"

"गाऱ्हाणा वाडीचा असता. त्यात घरचा घालूचा नसता," गंगाराम म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आचऱ्याच्या बाजारात जाऊन त्याने मुलाला फोन लावला. सुशांत रागावला नाही. बरं बाबा, म्हणाला. कंपनीने टॉवर खाडीपलीकडच्या गावात नेला, आणि थोड्याच दिवसांत पुण्याच्या फ्लॅटचा व्यवहार झाल्याचं कळलं. सावित्री त्या दिवशी जेवली नाही.

त्याच संध्याकाळी हरिश्चंद्र शहाळी घेऊन आला, मीही त्याच्यासोबत होतो. लोक तुला भाड्यावरून नको ते बोलले, मीही बोललो, मनात ठेवू नको, म्हणाला. मग सहजच विचारलं, सुशांत कधी येतो? सावित्रीने खालच्या आवाजात सगळं सांगितलं. त्याचा चहाचा पेला हातातच राहिला.

"माका आदी सांगलं असतंस तर, गंगाराम?"

"तर तू काय केलं असतंस?"

 हरिश्चंद्राला खोटं बोलता आलं असतं. "तरी नकोच म्हटलं असतंय," तो म्हणाला, आणि एवढा थोराड माणूस पडवीत बसून रडायला लागला.

गंगारामने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "माका म्हायत होता. म्हणानच सांगूक नाय. तुका नाय म्हणूक लागला असता, आणि मगे तू माज्या दारात कदी इलो नसतंस."

इतकी वर्षं ज्याला मी ताठा म्हणत आलो, ते हे होतं. मला लाज वाटली. पण सावित्रीला ऐकून काही बरं वाटलं नाही. तिने हरिश्चंद्राच्या हातातला निवलेला पेला काढून घेतला आणि नवऱ्याकडे पहिल्यांदाच सरळ बघितलं.

"तुमका सगळ्यांचा म्हायत," ती म्हणाली. "देवाचा म्हायत, वाडीचा म्हायत, ह्यांचा म्हायत. माजाच तेवढा म्हायत नाय."