आक्काचं मत

मास्तर तसा सरळ माणूस. खोटं बोलायची वेळ आली की कान लाल व्हायचे त्याचे. मताचा हक्क मिळावा म्हणून तरुणपणी नऊ महिने तुरुंगात काढलेले. तिथला खोकला अजून छातीत मुक्काम ठोकून होता. अशा माणसाने आपल्या आंधळ्या थोरल्या बहिणीला फसवावं? पण फसवलं. तेही मतदान केंद्रात!

आक्का काही जन्माची आंधळी नव्हती. डोळ्यांवर पडदा चढू लागला तेव्हा वस्तीला दवाखाना मंजूर झाला होता. भिंती उभ्या राहिल्या, तीन मंत्र्यांनी तीनदा फीत कापली, डॉक्टर मात्र फिरकला नाही. दर निवडणुकीला मास्तर म्हणायचा, "आक्का, या खेपेला नक्की." त्याच्या शब्दाखातर ती सांगायची, "मार घागरीवर." घागर ही मास्तरच्या पक्षाची निशाणी. आंधळ्या मतदाराला सोबती नेता येतो, तसा तो आत जाऊन तिच्या वतीने शिक्का मारायचा. पाच निवडणुका झाल्या. आक्काचे डोळे गेले आणि दवाखान्यात शेळ्या नांदू लागल्या.

मग कैवारी उगवला. खरं नाव कुणी घेईना, सगळे कैवारीच म्हणत. "एकदा मला निवडा, परत निवडणुकीची कटकटच नको!" असं तो गरजला की लोक वेडे होत. होतील नाहीतर काय! नुसत्या आश्वासनांवर कुणाचं पोट भरलंय?

"या वेळी शिक्का कुऱ्हाडीवर," आक्काने बजावलं. कुऱ्हाड ही कैवाऱ्याची निशाणी.

"अगं, तो उद्या आपली तोंडं बंद करील."

"उघडी होती तेव्हा कुणी ऐकलं रे? पाच वेळा तुझ्या मनासारखं केलं. एकदा माझं मत मला देऊ दे."

मास्तर तिचा हात धरून निघाला.

केंद्रावर अधिकाऱ्याने त्याच्याकडून लिहून घेतलं, मतदार सांगेल तिथेच शिक्का मारीन. पडद्याआड आक्का कानाशी कुजबुजली, "कुऱ्हाड." मास्तरचा हात कुऱ्हाडीवर गेलासुद्धा. पण ते नऊ महिने आठवले, छातीत कळ आली, आणि शिक्का जाऊन उमटला घागरीवर.

"लागला का नीट?"

"लागला." कान लालबुंद झाले, पण आक्काला ते कसे दिसणार!

घडी घातलेला कागद तिने स्वतःच्या हाताने पेटीत टाकला. तिचा खुललेला चेहरा त्याला बघवेना. पुढच्या निवडणुकीला तिच्या मनासारखं करू, म्हणजे फिटंफाट, अशी त्याने मनाची समजूत घातली.

कैवारी दणदणीत मतांनी आला. आक्काने मास्तरच्या तोंडात साखर घातली. "माझं मत कामी आलं रे, धाकट्या!"

ती साखर त्याला गिळवेना.

चार महिन्यांनी रेडिओवर जाहीर झालं, निवडणुका कायमच्या बंद. दवाखान्यातल्या शेळ्या हाकलून तिथे कोठडी केली. विरोधात बोलेल तो आत. समोरच्या शिंपिणीच्या नवऱ्याला नेलं, आणि भरदुपारी त्याच्या किंकाळ्या वस्तीभर ऐकू येऊ लागल्या. आक्काचे डोळे गेले होते, कान नव्हते.

तिने अन्न सोडलं. "मीच आणलं रे त्याला. त्या बाईचा तळतळाट मला लागणार."

"एका मताने काय होतंय, आक्का?"

"काही होत नाही, तर तू नऊ महिने कशासाठी सडलास?"

तिसऱ्या दिवशीही ताट तसंच परत आलं, तेव्हा मास्तरला राहवेना. तिचा हात हातात घेऊन तो म्हणाला, "आक्का, तुझं मत कैवाऱ्याला गेलंच नाही. मी घागरीवर मारला होता शिक्का. तुझ्या माथी काही पाप नाही."

त्याला वाटलं, ती सुटकेचा श्वास टाकील.

"आणि त्याआधी पाच वेळा?"

"तेव्हा तू सांगितलंस तिथेच. आईशपथ!"

"ते आता मला कसं कळायचं रे?"

तिने हात सोडवून घेतला, चाचपडत भिंत शोधली आणि एकटीच आत गेली.