त्रेचाळीस उत्तरं

वर्षाराणी शेळके केंद्रप्रमुख म्हणून रुजू झाल्या, तेव्हा त्यांच्या केंद्रातल्या अकराही शाळांत भिंतीवर टच पॅनल लागलेले होते आणि कपाटांत टॅब होते. तीर्थपुरीहून गोदावरीच्या अंगाला उतरणाऱ्या रस्त्यावरच्या या शाळा. तालुक्यात सगळे त्यांना डिजिटल केंद्र म्हणत. ऑनलाइन माहिती भरण्यात या केंद्राचा पहिला नंबर ठरलेला.

पहिलंच काम आलं ते शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा वार्षिक आराखडा करण्याचं. वर्षाराणींनी स्वतः बदनापूरकडच्या शाळेत एकोणीस वर्षं गणित शिकवलं होतं. या काळात त्यांनी इतकी प्रशिक्षणं केली होती की घरात तिथं मिळालेल्या कापडी पिशव्यांचा ढीग झाला होता. बाहेरचा माणूस येतो, पडद्यावर काहीतरी दाखवतो, चहा होतो, फोटो होतो. आपण तसं करायचं नाही, आधी शिक्षकांना विचारायचं, असं त्यांनी ठरवलं. पाच प्रश्नांचा ऑनलाइन फॉर्म करून शनिवारी दुपारी ग्रुपवर टाकला. सोमवारी सकाळी बघतात तर त्रेचाळीस शिक्षकांची त्रेचाळीस उत्तरं हजर.

त्या खूश झाल्या आणि वाचायला बसल्या. तुम्हाला पॅनल वापरताना काय अडचण येते? अडचण नाही. कोणतं प्रशिक्षण हवं? आशय व तंत्रज्ञान यांचा समनवय. पुढचं उत्तर, तेच. त्याच्या पुढचं, तेच. ‘समन्वय’ हा शब्द एकतीस जणांनी एकाच पद्धतीनं चुकवला होता. उत्तरं आल्याच्या वेळा पाहिल्या तर ती एकतीस उत्तरं रविवारी सकाळी अकरा ते बारा या वेळात दर दोन मिनिटांनी आली होती.

मंगळवारी वर्षाराणी मुख्याध्यापक बिभीषण मुळे यांच्या शाळेत गेल्या. मुळे सरांच्या नोकरीची दोनच वर्षं उरली होती आणि केंद्रात त्यांचा शब्द मानला जाई.

“सर, त्या फॉर्ममध्ये तुम्ही काय लिहिलं?”

“कोणता फॉर्म?” मुळे सरांनी जरा आठवून पाहिलं. “हां, तो. ते सगळं दैवशाला मॅडम भरतात. पासवर्ड बी त्यांच्याकडंच हाय. आपल्या फोनवर ओटीपी आला की सांगून टाकायचा, बस.”

दळण कोणत्या गिरणीत टाकतो हे सांगावं, इतक्या सहज त्यांनी ते सांगितलं.

दैवशाला काळेंची शाळा वस्तीवरची, दोनशिक्षकी. दुसरे शिक्षक त्या दिवशी रजेवर होते. वर्षाराणी दारात पोचल्या तेव्हा तिसरी-चौथीची मुलं पॅनलसमोर बसून पाऊस कसा पडतो त्याचा व्हिडिओ बघत होती. व्हिडिओ संपला. एक मुलगी उठली, बोटानं तो पुन्हा पहिल्यापासून लावला आणि जागेवर येऊन बसली. कोणी तिला सांगितलं नव्हतं. वर्गाच्या मागच्या बाजूला दैवशाला मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. शेजारी फोन, आणि पासवर्डांनी भरलेली एक शंभरपानी वही.

“कितव्यांदा लावला गं?” वर्षाराणींनी मुलीला विचारलं.

“आज चौथ्यांदा. मला पाठ हाय सगळा,” असं म्हणून तिनं व्हिडिओतल्या बाईच्या शहरी आवाजात म्हणून दाखवलं, ‘चला तर मित्रांनो, बाष्पीभवन म्हणजे काय ते पाहूया.’

“मग बाष्पीभवन म्हणजे काय?”

मुलगी पॅनलकडे बघायला लागली.

दैवशाला घाईनं उठली होती. “मॅडम, सकाळी तुम्हीच ग्रुपवर टाकलं, पोषण आहाराची माहिती बारापर्यंत, तात्काळ म्हणून. अकरा शाळांची हाय. सात झाल्या.”

वर्षाराणींनी टाकलं होतं खरं. रुजू झाल्यापासून अशी नऊ वेळा माहिती मागितली आणि नऊही वेळा ती वेळेत आली, याचा त्यांना अभिमान वाटला होता. त्या मुलांच्या बाकावर बसल्या.

“तुम्हालाच प्रशिक्षक करते,” त्या म्हणाल्या. “शिकवा सगळ्यांना.”

“न्हाई मॅडम. मी समोर उभी राह्यले की ते म्हणणार, तुम्हीच करून टाका ना, जल्दी होतं. आन् मी करून टाकते. मला सवय लागलीय. सुरुवातीला मला बी बरं वाटायचं. आपल्यावाचून कोणाचं अडतंय म्हणून. आता माझ्या पोरांना भागाकार येत न्हाई.”

वर्षाराणींनी तिच्याकडून वही मागून घेतली. दैवशालानं ती दिली, पण द्यायला थोडा वेळ लावला.

महिन्याच्या शिक्षण परिषदेत सगळ्यांनी आपापला पासवर्ड स्वतः बदलायचा, असं वर्षाराणींनी जाहीर केलं. दैवशालाला त्या दिवशी मुद्दाम तिच्या वर्गावरच ठेवलं. एवढ्याशा कामाला दोन तास लागले. मुळे सरांचं खातं पासवर्ड चुकून तीनदा बंद पडलं. चौथ्या वेळी ते उठले आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. वर्षाराणी त्यांच्या मागे गेल्या.

“मॅडम, मला नका यात ओढू,” मुळे सर म्हणाले. “पॅनल आल्ता त्या वर्षीची गोष्ट. पाहुणे आल्ते बघायला. मी कायतरी दाबलं आन् सगळी अक्षरं चिनी का जपानी होऊन बसली. पाहुणे हसले ते ठीक. पोरं हसली. बत्तीस वर्षांत माझ्यावर वर्ग हसला न्हवता. त्या दिवसापासून मी त्याला हात लावला न्हाई.”

“एकटे असताना तरी?”

“एकटा कधी असतो मी शाळेत?”

त्या दिवशी घरी गेल्यावर वर्षाराणींनी अर्धा झालेला आराखडा बाजूला सारला आणि नवा लिहिला. तज्ज्ञांची भाषणं काढून टाकली. शनिवारी शाळा सकाळची असते, दुपारी इमारत रिकामी असते. तेव्हा प्रत्येक शिक्षकानं तासभर एकट्यानं पॅनलसमोर बसायचं. हवं ते दाबायचं, बिघडवायचं, पुन्हा जागेवर आणायचं. बघायला कोणी नाही. त्यानंतर आपल्याच वर्गाचा एक पाठ निवडायचा आणि त्यात पॅनल कुठे लागतो, कुठे लागत नाही, हे शेजारच्या शाळेतल्या एका सोबत्याबरोबर ठरवायचं.

आराखडा वरून परत आला. एकट्यानं घ्यायच्या प्रशिक्षणासाठी तक्त्यात रकाना नव्हता. उपस्थितांचा फोटो कसा काढणार, असंही विचारलेलं होतं. तीन दिवसांचं सभागृहातलं प्रशिक्षण दरवर्षीसारखंच झालं, पिशव्या मिळाल्या. वर्षाराणींनी शनिवारच्या दुपारी मात्र सुरू केल्या, कागदावर न आणता. येणं सक्तीचं नव्हतं. पहिल्या महिन्यात चौदा जण बसले, दुसऱ्या महिन्यात बावीस.

सगळंच काही नीट झालं नाही. दैवशालाला फोन येणं बंद झालं आणि टोमणे सुरू झाले. मोठ्या झाल्या आता मॅडम, असं एकानं ग्रुपवरच लिहिलं. रविवारी सकाळी काय करावं ते कळत नाही, असं ती एकदा वर्षाराणींना म्हणाली. तिच्या चौथीला भागाकार अजून कच्चाच होता, पण व्हिडिओ आता एकदाच लागे आणि मध्येच थांबवला जाई. केंद्राचा माहिती भरण्यातला नंबर पहिल्यावरून नववा झाला. नोव्हेंबरात पाच शाळांची माहिती वेळेत आली, सहांची आली नाही, आणि वर्षाराणींना खुलासा मागणारं पत्र आलं.

त्यांनी चार ओळींचा खुलासा लिहिला. विलंबाला शिक्षक जबाबदार नाहीत, माहिती आता ज्याची त्यानं भरावी असा निर्णय मी घेतला आहे, म्हणून वेळ लागतो आहे. खाली सही केली. त्या सहीचा आपल्या सेवापुस्तकावर काय परिणाम होईल, याचा विचार त्यांनी थोडा वेळ केला आणि लिफाफा बंद केला.

तेवढ्यात मुळे सरांचा फोन आला.

“मॅडम, माहिती भरून राह्यलो. सगळं बराबर भरलं, तरी लाल आलंय. काय दाबू?”

“काय लिहिलंय त्या लाल अक्षरांत?”

“लई बारीक हाय.”

“चष्मा लावा आणि वाचा, सर.”

पलीकडे कपाट उघडल्याचा आवाज आला, मग खुर्ची सरकल्याचा. वर्षाराणी फोन कानाला लावून वाट बघत राहिल्या. मुळे सर एकेक शब्द सुटा करत वाचायला लागले.