फुलाबाईचा अबोला

महिपतीनं सायकलीच्या कॅरियरवर पोतं चौघडी घालून बांधलं, सुतळीची गाठ दातानं आवळली आणि मनातल्या मनात पुन्हा एकदा जमेची बाजू तपासली. मिशनच्या दवाखान्यात शिपायाची जागा. खाकी कपड्यांचे दोन जोड. बारामतीत कौलारू दोन खोल्या. लेक रतनला शाळा, तीही उंबऱ्यातून दिसेल इतक्या जवळ. आणि सगळ्यांत मोठी रक्कम म्हणजे रात्रीची झोप. दुसऱ्याच्या कांद्याला रातचं पाणी धरत अंधारात चिखल तुडवायला नको. नावे बाजूला एवढंच, की वर्षभर दर रविवारी देवळात जाऊन बसायचं आणि जाताना गावातल्या म्हाताऱ्या फुलाबाईला सायकलीवर घालून न्यायचं. वर्ष भरलं की पाळकसाहेब दवाखान्यासाठी शिफारशीचं पत्र देणार. देवाशी इतका स्वस्त सौदा त्याच्या बापालाही जमला नव्हता. तो बिचारा खरोखरीच विश्वास ठेवून बसला होता.

फुलाबाई भिंतीला धरून बाहेर आली. गुडघे गेल्यापासून ती चालताना आधी काठीला पुढं पाठवी आणि मग तिची समजूत काढल्यासारखी मागून जाई.

“पोतं वलं न्हाय न्हवं?”

“सुकं हाय आत्या. बसा.”

“मागल्या रविवारी बी सुकंच म्हनला हुतास.”

ती एका अंगाला पाय सोडून बसली. एका हातानं सीटची कड धरली, दुसऱ्या हातात गाडगं. रोज स्वयंपाकाला धान्य काढताना त्यातली एक मूठ देवासाठी बाजूला टाकायची आणि रविवारी ते देवळात न्यायचं, ही तिकडच्या ख्रिस्ती बायांची रीत. फुलाबाईच्या गाडग्यात बाजरी असे. मूठ म्हातारीची, पण गाडगं कधी अर्ध्यावर नसे.

बारामतीहून इंदापूरकडं जाताना कालव्याच्या अलीकडं आता सिमेंटचं चर्च आहे. त्यात पंखे आहेत, बाकं आहेत. पण ज्यांनी जुनं देऊळ पाहिलं ते नव्यात जाऊन बसले तरी थोडा वेळ अवघडल्यासारखे असतात. जुनं देऊळ बैठं होतं, पत्र्याचं. दाराशी निंबाला रुळाचा तुकडा टांगलेला. तो ठोकला की कालव्यापलीकडची गुरंसुद्धा माना वर करत. आत सारवलेल्या जमिनीवर एकच लांब लाल जाजम, डावीकडं बाप्ये, उजवीकडं बाया. पेटीचा एक स्वर कायमचा बसलेला होता, आणि गाण्यात तो आला की सगळी मंडळी सवयीनं जरा मोठ्यानं म्हणून ती फट बुजवत.

त्या जाजमावर खरे आणि खोटे मांडीला मांडी लावून बसत. कुणी दुधाच्या पावडरीसाठी येई, कुणी पोरीच्या स्थळासाठी, कुणी घरी सून धड बोलत नाही म्हणून. आणि त्याच गर्दीत काही जण देवासाठी. जाजमाला फरक कळत नसे. उठताना सगळ्यांच्याच कपड्यांना सारखाच लाल रंग लागलेला असे.

उपदेश संपला की दत्तोबा पाळक म्हणत, “आता आपण शांत होऊ.” ही शांतता किती वेळ चालायची याला घड्याळ नव्हतं. फुलाबाई होती. ती मान खाली घालून पदर कपाळापर्यंत ओढून घेई, आणि तिनं मान वर केल्याशिवाय पाळक ‘आमेन’ म्हणत नसत. तसा नियम कुणी केला नव्हता. पण म्हातारीचं देवाशी चाललेलं बोलणं मधेच तोडायचं कुणाच्या जिवावर येणार? वडगाव निंबाळकरहून आलेल्या पाहुण्यांनाही हे आधी सांगून ठेवत.

महिपती बाप्यांच्या कडेला, फुलाबाईच्या रांगेत बसे. तो डोळे मिटत नसे. ठरलेल्या सौद्यात येणं होतं, बसणं होतं. डोळे मिटायचं कुठं ठरलं होतं? त्यामुळं पदराच्या बाजूनं जे दिसे ते त्या देवळात त्याला एकट्याला दिसे. इतर बायांचे ओठ पुटपुटत असत. फुलाबाईचे ओठ घट्ट मिटलेले, रुसलेल्या पोरीसारखे.

एकदा त्याला वाटलं, चुकून. पुढच्या रविवारी पुन्हा पाहिलं. मग त्याला बरंच वाटलं. खोट्यांच्या रांगेत इतकं मोठं माणूस सोबतीला असेल, अशी त्याची अपेक्षा नव्हती.

परतताना कालव्याच्या भरावावर त्यानं विचारलं,

“आत्या, परार्थनेत तुमी काय म्हनता वो?”

“काय न्हाय.”

“काय न्हाय म्हंजे?”

“म्या बोलत न्हाय त्याच्याशी.”

“कुनाशी?”

“ज्याच्या घरला जातो त्याच्याशी! याकोब गेल्यापासनं अबोला हाय आमचा.”

सायकल हबकली. याकोब तिचा एकुलता एक. उसाला रातचं पाणी धरायला गेला आणि पायाला जनावर चावलं. फुलाबाई रात्रभर गुडघ्यांवर बसून मागणं मागत होती, आणि सकाळी देवळामागं खड्डा खणला गेला. एवढं सगळ्या गावाला ठाऊक होतं. पुढचं कुणाला नव्हतं.

“मंग येता कशाला?” महिपती पुढं बघतच म्हणाला. “घरीच बसावं की.”

“येडा का खुळा तू? अबोला घरात ऱ्हाऊनच धरत्यात. घर सोडून गेल्याव कसला आलाय अबोला?”

“आन् येवढा येळ मान खाली घालून काय करता?”

“वाट बघते. आधी त्यानं बोलाया पायजे. चूक त्याची हाय.”

थोड्या वेळानं मागून तिनंच विचारलं,

“तू काय मागतूस?”

“शिपायाची जागा.”

“माग बाबा, माग. रातच्या पान्यापरीस कवाबी बरी.”

वर्ष भरत आलं तेव्हा पाळकांनी उपदेशाला गहू आणि निदण, म्हणजे तण, यांचा दाखला घेतला. वैऱ्यानं रात्री गव्हात निदण पेरलं, चाकर उपटायला निघाले, धनी म्हणाला, राहू द्या, दोन्ही कापणीपर्यंत बरोबर वाढू द्या. उपदेश संपल्यावर निंबाखाली पंच बसले आणि अप्पांनी घसा साफ केला. अप्पा म्हणजे सगळ्यांत जुने पंच. पेटी त्यांची, जाजम त्यांच्या आज्याचं. त्यामुळं त्यावर कोण बसतं याची काळजीही त्यांनाच.

“पाळकसाहेब, आपल्यातलं निदण कंचं ते समद्यास्नी ठावं हाय. पत्र देन्याआधी उपटा.”

महिपती चार हातांवर उभा होता. अप्पांनी तिकडं पाहण्याचीही तसदी घेतली नाही.

“अप्पा, प्रभू तर म्हणतो, राहू द्या,” पाळक म्हणाले.

“प्रभूनं आपल्या हितलं रान बघितलं न्हाय. कापनीपतुर तसंच ठिवलं तर गहू घावायचा न्हाय.”

“आन् आमचा खुरपनीचा रोजगार बुडंल त्यो निराळाच,” बायांतून रंगूबाई म्हणाली. ती जन्मभर लोकांच्या रानात खुरपत आली होती. सगळे हसले. महिपती हसला नाही. बारामतीतल्या त्या दोन खोल्यांचं एकेक कौल घसरताना त्याला दिसत होतं.

“असं करा,” अप्पा म्हणाले, “फुलाबाईला इचारा. तिच्यावानी देवाशी बोलनारं हितं दुसरं कोन हाय? हा खरा का खोटा, ती सांगंल.”

फुलाबाई काठीवर दोन्ही हात ठेवून बसली होती. तिनं महिपतीकडं पाहिलं. महिपतीनं पायाखालच्या निंबोळ्यांकडं. दोघांजवळ एकमेकांचं एवढं होतं, की कुणीही तोंड उघडलं असतं तर दुसरा बुडाला असता.

“ह्येच्या मनातलं म्या कसं सांगू?” ती म्हणाली. “माज्या मनातलंच मला धड सांगता यायचं न्हाय. सायकल नीट चालवतूया. खड्डा आला का उतरून ढकलतूया. येक रविवार चुकला न्हाय.” मग जरा थांबून, “पोतं मातुर वलं असतंय.”

पाळकांनी हसू मिशीत दाबलं आणि घरात जाऊन पत्र लिहिलं. अप्पांनी नाक मुरडलं. पण फुलाबाईचा शब्द थेट वरून आलेला. त्याच्यावर अपील कुणाकडं करणार?

महिपती दवाखान्यात रुजू झाला. त्याच्या बायकोनं, सारजानं, दोन खोल्या सारवून घेतल्या, रतन शाळेत जाऊ लागली. पुढच्या रविवारी अप्पा निंबाखाली म्हणाले, “आता दिसला तर मला सांगा.” त्यांचं चुकलं असंही म्हणता येत नाही. हिशेब बरोबर होता.

त्या सकाळी फुलाबाई उंबऱ्यात बसून गुडघ्यांना तेल चोळत होती. गाडगं भरून आत कोपऱ्यात ठेवलेलं. खाकी सदऱ्यातला महिपती सायकल घेऊन दारात उभा राहिला. बारामतीहून अंधारात निघाला असावा. पायजम्याला दव लागलं होतं.

“तुझं काम झालं की रं,” ती म्हणाली.

“झालं.”

“मंग?”

महिपती पोतं बांधत होता. “आज सुकं हाय. घरनं आनलंय.”

फुलाबाईनं पोत्याला हात लावून पाहिला, उलटा आणि सुलटा. मग तिनं काठी पुढं पाठवली.

त्या रविवारची शांतता जुन्या मंडळींना अजून आठवते. पाळक शांत होऊ म्हणाले आणि फुलाबाईनं मान खाली घातली, ती वर येईचना. एक तान्हं रडलं आणि झोपलं. दारातून शेळी आत आली, दोन्ही बाजूंचं जाजम हुंगून बाहेर गेली. पत्रा तापून कडकडू लागला. पाळक पापणीआडून पाहत राहिले; त्यांच्या जागेवरून नुसता पदर दिसत होता.

त्याची किंमत सगळ्या मंडळीनं मोजली. पायांना मुंग्या आल्या, घरोघर चुलीवरचं कालवण करपलं, अप्पांची इंदापूरची एसटी चुकली. महिपतीच्या नावावर त्या दिवशी जमा काहीच नव्हतं. आणि पदराआड फुलाबाईचे ओठ हलले की नाही, हे सांगू शकेल असा त्या देवळात एकच माणूस होता. पण त्यानं नेमके त्या दिवशी डोळे मिटले होते.