खवल्यांचा मासा

एलिशेबाला जन्म देऊन तिसऱ्या दिवशी तिची आई गेली, आणि उरणच्या मिठागरावर कारकुनी करणाऱ्या बापाच्या, मनासेच्या हाती ते ओलं पोर राहिलं. शेजारच्या गंगाबाई कोळणीचं तान्हं त्याच महिन्यात दगावलं होतं. तिने काही न विचारता पोरीला पदराखाली घेतलं. जातधर्म पुसायला भुकेल्या जिवाला कुठली सवड? सात वर्षं एलिशेबा तिच्याच चुलीपाशी वाढली, तिला आये म्हणाली आणि तिथे शिजेल ते, खेकडे, कोळंबी, जवळा, मिटक्या मारत खात गेली. मनासे इस्रायली, म्हणजे कोकणातला यहुदी, त्यांच्यात हे चालत नाही. पण गरजवंताला अक्कल नसते. त्याने डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं.

मग त्याची पनवेलला बदली झाली आणि इस्रायल आळीतल्या वडीलधाऱ्यांनी त्याचं दुसरं लग्न लावून दिलं. मिरियम विधवा, पदरी पाच वर्षांचा जुडाह. सावत्र आई म्हटलं की लोक आधीच बोटं मोडतात, पण ही बाई दुष्ट नव्हती, धास्तावलेली होती. नवरा गेल्यावर सासरच्यांनी पांढऱ्या पायाची म्हणून तिला घराबाहेर काढलं होतं. हे घर तरी टिकावं म्हणून ती देवाच्या नियमांना घट्ट धरून बसली. पंख आणि खवले असलेलाच मासा तिच्या चुलीवर चढे. एलिशेबाला तिने ताट वेगळं दिलं, तांब्या वेगळा, जागाही दाराजवळ.

"थोडे दिवस," ती म्हणाली. "खाल्लेलं अंगातून निघून जाऊ दे."

थोडे दिवस काही संपेनात. पोर दुरून सगळ्यांची पंगत बघत जेवायची. जुडाह तेवढा तिच्यामागे शेपटासारखा फिरे.

बाजाराच्या दिवशी गंगाबाई मासळी घेऊन पनवेलला येई. परसदारी थांबून भाजलेल्या जवळ्याची पुडी पोरीच्या हातात ठेवी. एलिशेबा ती न्हाणीमागे गुपचूप खाई. एकदा त्यातला मूठभर जवळा तिने जुडाहला दिला. तिला भाऊ हवा होता, आणि देण्यासारखं जवळ दुसरं होतंच काय?

त्या शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथच्या, आठवड्याच्या पवित्र दिवसाच्या जेवणाला आळीतली वडीलधारी मंडळी होती. जुडाहने भर पंगतीत विचारलं, "आई, ताई देते तसा जवळा आज नाही?"

पाहुणे अर्ध्या जेवणावरून उठले. मनासेची मान वर झाली नाही. शब्बाथ सरल्यावर मिरियमने मातीची मडकी परसात नेऊन फोडली आणि तांब्यापितळेची भांडी हात सोलेपर्यंत राखेने घासली. "वाण नाही पण गुण लागला माझ्या लेकराला," म्हणत ती रडली. एलिशेबाला मार परवडला असता. हे रडणं तिला सोसवेना. जुडाहला तर तिच्याजवळ फिरकायचीही बंदी झाली.

शेवटी मिरियम म्हणाली, "मी येऊ नको म्हटलं तरी ती कोळीण पुन्हा येईल. तू सांग, तुझ्या तोंडाने. मग आमच्यात बसून जेव."

पुढच्या बाजाराला गंगाबाई परसदारी आली. टोपली खाली ठेवून तिने कनवटीची पुडी काढली आणि पोरीचा गाल चाचपला.

"वाललीस गो बाय. जेवतेस का नाय?"

"तू येत जाऊ नकोस," एलिशेबा म्हणाली. "तुझ्या हातचं आम्ही खात नाही."

गंगाबाईने दाराआड उभ्या मिरियमची सावली पाहिली.

"कोनी शिकवलं तुला?"

"कोणी नाही. मीच म्हणते."

गंगाबाईने पुडी परत कनवटीला लावली. भरली टोपली उचलून डोक्यावर घ्यायला कुणाचा तरी हात लागतो, म्हणून एलिशेबा सवयीने पुढे झाली.

"नको गो," गंगाबाई म्हणाली. "बाटशील."

गुडघ्यावर टेकवत, हेलपाटत तिने एकटीनेच टोपली चढवली आणि मागे न बघता गेली.

त्या दुपारी मिरियमने एलिशेबाचं पान जुडाहच्या पानाशेजारी मांडलं. स्वतःच्या हाताने माशाचे काटे काढून दिले, डोक्यावरून हातही फिरवला. पोरीला स्वतःची किळस आली. तरी ती पान स्वच्छ करूनच उठली. रुसून निघून जायला आता दुसरं घर उरलं नव्हतं.