बिनपरवान्याची खुर्ची

धंद्याने तो न्हावी, पण सगळी गल्ली त्याला वकील म्हणायची. कोर्टाची पायरी तो जन्मात चढला नव्हता. पण गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लागला, की याचं तोंड सुरू! आणि वस्तरा गळ्याशी असताना उलट बोलणार कोण? सरकारचा विषय निघाला तर तो असा पेटायचा की गिऱ्हाइकाच्या गालावरचा फेस वाळून जाई.

"सरकारनं काय करावं? चोर पकडावेत, रस्त्यावर दिवे लावावेत आणि गुमान बसावं. माझ्या दुकानाचं शटर कधी उघडायचं हे मला सांगणारे हे कोण टिकोजीराव?"

नुसती बडबड नव्हती हं ती. आठवड्यातून एक दिवस दुकानं बंद ठेवायची सक्ती आली, तेव्हा हा पठ्ठ्या नेमका त्याच दिवशी शटर वर करून बसायचा. दंड भरला, कचेरीत खेटे घातले, पण हटला नाही. शेवटी परवाना खात्याच्या साहेबांनीच हात टेकले. त्याच खात्यातला एक बडा अधिकारी एकदा रांग सोडून खुर्चीत बसू लागला, तर वकिलाने त्याला भर दुकानात बाहेरचा रस्ता दाखवला. "दुकान माझं आहे. कोणाला बसवायचं ते मी ठरवतो!" हे वाक्य इतकं गाजलं की गल्लीतली पोरं खेळतानाही एकमेकांना तेच ऐकवायची.

गल्लीतली चिमी त्याच्याच हाताखाली शिकली. बाई पुरुषांचे केस कापणार म्हटल्यावर लोकांनी नाकं मुरडली. वकील म्हणाला, "हात तिचे, कात्री तिची. तुमच्या पोटात का दुखतंय?" त्याने तिला सगळं शिकवलं. हत्यारं उकळायची कशी, मानेवरची रेघ सरळ आणायची कशी. आणि एक गोष्ट तर घोकूनच घेतली. गिऱ्हाईक वैरी असलं तरी छोटा आरसा मागे धरून त्याला त्याची मान दाखवायची, त्याशिवाय उठू द्यायचं नाही. न्हाव्याला स्वतःचे केस कापता येत नाहीत, त्यामुळे वकिलाचे केस वर्षानुवर्षं चिमीच कापत आली.

पुढे चिमीची सासू न्हाणीघरात पडली आणि अंथरुणाला खिळली. घर सोडून जाणं चिमीला जमेना. घराच्या पुढच्या खोलीत एक खुर्ची टाकावी असं तिच्या मनात आलं.

"काका, परवाना काढावा लागेल ना?"

"परवाना?" वकील उसळलाच. "स्वतःच्या घरात कात्री चालवायला सरकारची परवानगी? उद्या भाजी चिरायला मागशील! काही काढायचं नाही. कोणी आलंच, तर मी आहे."

काका आहे म्हटल्यावर चिमीने परवान्याचं नाव काढलं नाही.

पहिल्यांदा दोनचार बायका मुलांना घेऊन तिच्याकडे गेल्या. वकिलाला काही वाटलं नाही. मग एक दिवस तो तिच्या खिडकीवरून चालला होता आणि आतून हसण्याचा आवाज आला. आत निवृत्त हेडमास्तर बसले होते. गळ्याला कापड, तोंड हसून लाल. हेडमास्तर म्हणजे वकिलाचा जुना प्रतिस्पर्धी! सरकारची बाजू घेऊन भांडायला त्यांच्यासारखा माणूस नव्हता. त्यांच्याशिवाय वकिलाची सकाळ अळणी जायची. आणि ते इथे, चिमीच्या खुर्चीत? खोटं कशाला बोलायचं, वकिलाला गिऱ्हाईक गेल्याचं फारसं काही वाटलं नाही. ऐकणारा गेला, हे मात्र त्याच्या जिव्हारी लागलं.

त्या रात्री त्याला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी तो परवाना खात्यात गेला.

साहेबांनी त्याला पाहून चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तुम्ही? आज कुठली सक्ती मोडायला आलात?"

"आरोग्याचा प्रश्न आहे, साहेब," वकील जमिनीकडे बघत म्हणाला. "आमच्या गल्लीत एक बाई घरात धंदा करते. परवाना नाही. हत्यारं उकळते की नाही, देव जाणे."

देवाला कशाला मध्ये आणायचं? त्याला स्वतःला पक्कं ठाऊक होतं. उकळायला त्यानेच शिकवलं होतं.

दुसऱ्याच दिवशी चिमीच्या पुढच्या खोलीला सील लागलं. चिमी तडक वकिलाच्या दुकानात आली. रडत नव्हती, उलट तावातावात होती.

"काका, कोणीतरी तक्रार केली. असली कुजकी माणसं असतात हो जगात! चला तुम्ही माझ्याबरोबर. तुमच्यासारखं त्यांना कोणीच सुनावू शकत नाही."

वकिलाने कंगवा खाली ठेवला. नाही म्हणायला तोंड कुठे होतं?

कचेरीत साहेबांसमोर तो उभा राहिला, आणि काय सांगावं, जीभ आपोआप चालू लागली. हात तिचे, कात्री तिची, घर तिचं. सरकारला काय पडलंय? वर्षानुवर्षं घोटलेलं भाषण होतं, एक शब्द अडला नाही. चिमी त्याच्याकडे अशी बघत होती, की त्याला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग ते चिमीला म्हणाले, "तक्रार मागे घेतली गेली, तर सील आजच काढतो. परवान्याचं मागाहून बघू. तक्रार कोणी केली ते मात्र मी सांगणार नाही. तसा नियम आहे."

वकिलाकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. ज्या सरकारला आयुष्यभर शिव्या घातल्या, ते सरकार आज त्याची लाज झाकत होतं.

"चिमे, तू हो पुढे," तो म्हणाला. "सासूबाई एकट्या आहेत. मी बघतो इथलं."

ती गेल्यावर तो पुटपुटला, "मागे घेतो."

"बरं," साहेब म्हणाले. एक टोमणा तरी मारायचा होता, मेल्याने! वकिलाला थोडं हलकं वाटलं असतं.

संध्याकाळपर्यंत सील निघालं. वकील घरी सटकायला बघत होता, पण चिमीने त्याला दुकानाच्या दारातच गाठलं. "झिपऱ्या बघा किती वाढल्यात! पहिलं गिऱ्हाईक आज तुम्हीच." तिने त्याला ओढत नेऊन खुर्चीत बसवलं, गळ्याला कापड बांधलं. बाकावर हेडमास्तर बसले होते. ते म्हणाले, "वकीलसाहेब, तुमचं एक मत मला आजवर पटलं नाही. पण माणूस बोलतो तसा वागतो, हे आज मान्य!"

"मग!" चिमी म्हणाली. "हे नसते तर माझी खुर्ची गेलीच होती."

कात्री सुरू झाली. वकील असाच बसून राहिला असता तर गल्लीने त्याला जन्मभर डोक्यावर घेतलं असतं. पण मानेवर तिचा हात होता, आणि तो हात त्याला सोसवेना.

"चिमे," तो म्हणाला, "तक्रार मीच केली होती."

कात्री थांबली. हेडमास्तरांच्या हातातलं वर्तमानपत्र खाली आलं.

"का?" तिने विचारलं.

"हे हेडमास्तर इथे बसून हसत होते. मला खिडकीतून दिसले." बस्स. एवढंच कारण होतं. मोठ्याने सांगताना ते आणखीनच क्षुद्र वाटलं.

मग कात्री पुन्हा चालू लागली. अर्धं डोकं राहिलं होतं, ते तिने घाई न करता पुरं केलं. मानेवरची रेघ आणली, केस झटकले. आणि छोटा आरसा त्याच्या मागे धरला.

"छान झालंय," वकील खालच्या मानेनेच म्हणाला.

"न बघता सांगू नका."

त्याने मान वर केली. रेघ अगदी सरळ होती, त्याने शिकवली होती तशी. तिने कापड सोडलं.

"पुढच्या खेपेला दुसरीकडे बघा, काका. दुकान माझं आहे. कोणाला बसवायचं ते मी ठरवते."

"बरोबर आहे," वकील म्हणाला. त्याने चपला घातल्या आणि तो बाहेर पडला. त्याच्या मागे चिमीने हेडमास्तरांना खुर्चीत बोलावलेलं त्याला ऐकू आलं.