अस्वलाचं औषध

मोनाली मेश्राम नागपूरच्या एका विद्यापीठात अस्वलांच्या रक्तावर पीएचडी करत होती. उत्तरेकडच्या बर्फातली तपकिरी अस्वलं हिवाळाभर गुहेत पडून राहतात, तरी त्यांचे पाय वाळत नाहीत. त्यांच्या रक्तातला द्रव माणसाच्या स्नायूवर टाकला तर तोही टिकतो का, हे तिला पाहायचं होतं. त्यासाठी वर्षानुवर्षं खाटेला खिळलेला माणूस हवा होता. त्याच्या मांडीतून तीनदा स्नायूचा तुकडा काढायचा होता. दोघा पेशंटांनी पहिल्या वेळेनंतरच नकार दिला.

"माझे बाबा आहेत, सर," ती गाईड डॉ. मार्तंड कोलते यांना म्हणाली.

दादाजी मेश्राम लकडगंजात लाकडं उतरवायचे. अंगावर ओंडका पडून कंबर मोडली, त्याला तीन वर्षं झाली होती. मोनालीने त्यांना संमतीचा कागद वाचून दाखवला. 'सहभागी व्यक्तीला या संशोधनाचा फायदा होणार नाही' ही ओळ तेवढी गाळली. त्यांना शुगर आहे, हे अर्जात लिहिलं नाही. लिहिलं असतं तर ते बाद झाले असते.

"मंग ते अस्वलाचं औषध मले भेटन?" दादाजींनी विचारलं.

"भेटन न बाबा. तीन डाव मांस द्या लागते फक्त."

त्यांनी सही केली. दोनदा ओठ दाबून सोसलं. तिसऱ्यांदा जखम चिघळली, पू वर चढला, आणि तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी पाय कापायचं ठरवलं.

ऑपरेशनच्या सकाळी कोलतेंचा फोन आला. "वाईट झालं, मोनाली." मग थोडं थांबून ते म्हणाले, "पोटरीचा स्नायू मात्र चांगला असेल."

"बर्फाची पेटी घेऊनच आलेय, सर. सर्जनशी बोलणं झालंय."

दुपारी ती भरलेली पेटी घेऊन बाहेर आली. तिची आई प्रेमिला बाकावरून उठली.

"हे काय वं?"

"औषध आहे. लॅबमध्ये न्या लागते, लवकर."

"दे मग, मी धरतो. तू गाडी काढ."

प्रेमिलाने पेटी छातीशी धरून तीन जिने उतरवली. कुठे हिंदकळू नये म्हणून पायरीपायरीवर थांबत होती. मोनाली पुढे चालत राहिली. तिने मागे वळून पाहिलं नाही.

पेशी फार छान जगल्या. अस्वलाच्या द्रवात बारा दिवस ठेवल्या तरी झिजल्या नाहीत. कोलतेंनी विभागात पेढे वाटले आणि पेपरावर पहिलं नाव मोनालीचं टाकायचं कबूल केलं.

त्या संध्याकाळी ती वडिलांच्या खाटेशी बसली. जमलं म्हणाली.

दादाजींनी चादरीखालून उरलेला पाय चाचपला. "एक तं आहे न अजून. त्याले लागू पडन. कसं घ्या लागन ते?"

मोनालीने चादर नीट केली.

"दोन टाइम, बाबा. जेवण झाल्यावर."

"लिहून ठेव वं," दादाजी प्रेमिलाला म्हणाले, आणि ती कॅलेंडरवर लिहू लागली.